बेचाळिसावा फ्रॉक

१

दाजींच्या कामाची सुरुवात खोडरबराने व्हायची. मेमरी कार्ड हातात आलं की आधी त्याच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या. मग कडेची इवलीशी खिट्टी खाली सरकवायची. ती खाली असली की कार्ड नुसतं वाचता येतं, त्यावर काही लिहिता येत नाही की पुसता येत नाही. मग ते रीडरमध्ये घालायचं. नाही लागलं तर दुसऱ्या रीडरमध्ये. लागलं की आधी संगणकावर पूर्ण नक्कल काढायची, मूळ कार्ड पाकिटात ठेवायचं आणि पुढची सगळी खटपट नकलेवर करायची. प्रत्येक पायरी वहीत टिपायची. दहातली सात कार्डं खोडरबरातच बरी व्हायची. उरलेल्या तिनांसाठी लोक दाजींना शोधत येत.

स्टुडिओ त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाचा. तो दाजी म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायला लागले. चौतीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून झाल्यावर घरात बसून बायकोच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागले, तेव्हा बायकोनेच भावाला सांगितलं, यांना कुठेतरी बसव. त्याने मागची खोली दिली. एक टेबल, एक चाकांची खुर्ची, डाव्या हाताला दार, खाली करडी फरशी आणि पाठीमागे, खुर्चीला जवळजवळ टेकलेली, कोरी भिंत.

"आमच्या दाजींना साधं समजू नका," मेहुणा गिऱ्हाइकांना सांगायचा. "सहा वर्षं खडे निवडलेत त्यांनी. डावे एका बशीत, उजवे दुसऱ्या बशीत. त्यावर डॉक्टर झालेत."

थट्टा असली तरी खोटं नव्हतं. काही स्फटिक एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, डाव्या-उजव्या हातांसारखे. ते ओळखून वेगळे करणं हा दाजींच्या प्रबंधाचा विषय. त्यात एका बशीत त्यांची गफलत झाली होती. परीक्षकांना ती सापडली नाही. दाजींना छपाई झाल्यावर सापडली, आणि गेली चाळीस वर्षं ती पायात काटा राहावा तशी राहिली होती.

दुसरी चूक याच खोलीतली. पहिल्याच वर्षी संगणकाने विचारलं होतं, कार्ड फॉरमॅट करायचं का, आणि दाजींनी घाईत "हो" दाबलं. एका माणसाच्या आईचे शेवटचे फोटो होते त्यात. तो नुसता बघत उभा राहिला. तेव्हापासून दाजी कुठल्याही प्रश्नाला हो म्हणायच्या आधी तीनदा वाचत.

आणखी एक शिस्त त्यांनी लावून घेतली होती. लोकांचे चेहरे बघायचे नाहीत. कुणाचं लग्न, कुणाचं बाळ, कुणाचं काय, आपल्याला काय करायचंय. शिवाय फोटो बिघडतो तो तळाकडून. वरचा भाग शाबूत आणि खाली करडा पट्टा, किंवा खाली भलत्याच फोटोचा तुकडा जोडलेला, असं नेहमी होतं. म्हणून दाजी फक्त तळ बघत. तळ ठीक तर सगळं ठीक.

"दाजींना निम्मं शहर चपलांवरून ओळखू येतं," मेहुणा म्हणायचा.

२

शिंपी आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. सत्तरी ओलांडलेला, गळ्यात अजून टेप. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे तो दाजींच्या कानाच्या बाजूला बघून बोलत होता.

"सर, हे लागत नाही. फोटोची ती बॅटरीवरची चौकट असते ना, तिच्यात घालून ठेवलं होतं. परवापासून नुसती काळी."

"काय आहे यात?"

"मुलगी माझी. एक्केचाळीस फ्रॉक."

दाजींनी मान वर केली.

"तिला प्रत्येक फ्रॉक मीच शिवला," शिंपी म्हणाला. "शिवून झाला की घालायचा, दारात उभं राहायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, एक फोटो. डोक्यापासून बुटापर्यंत, म्हणजे घेर कसा पडलाय ते कळतं. एक्केचाळीस झाले. बेचाळिसाव्याला नुसते कच्चे टाके घातले होते, खालची पट्टी दुमडायची राहिली होती. नऊ वर्षांची होती. आता अकरा वर्षं झाली तिला जाऊन."

दाजींनी खोडरबर हातात घेतला.

"माझं जाऊ द्या. हिचं, म्हणजे बायकोचं सांगतो. हिला दोन वर्षं झाली, काही आठवत नाही. सकाळी फोटो बघितले की शांत असते. पोर होती, गेली, एवढं तिला दिवसभर पुरतं. नाही बघितले तर वाटतं पोर हरवलीय. मग दार उघडून रस्त्यावर शोधायला जाते. काल दोनदा गेली. एकदा बसखाली आली असती."

"बघतो मी."

"एक विचारू? बंद पडायच्या आधी चार दिवस ही म्हणत होती, पोरीचे बूट कुठे गेले. मी म्हटलं, असतील. मला दिसतंय कुठे. मग म्हणाली, ती कुणाच्या तरी घरी गेलीय. तिथली फरशी करडी आहे." तो हसला. "आमच्याकडे लाल कोबा आहे, सर. होतं का कार्डात असं काही?"

"होतं. दुसऱ्या फोटोचे तुकडे जोडले जातात," दाजी म्हणाले, आणि ते खरंच तसं होतं.

जाता जाता शिंपी दारात थांबला. "एक मोजा घसरलेला दिसेल. ती खराबी नाही हं. डावा पाय तिचा जन्मापासून बारीक. त्या पायावर मोजा कधी टिकलाच नाही. ही ओरडायची तिला, मोजा वर कर, मोजा वर कर."

३

कार्ड खोडरबराने बरं झालं नाही, पण दुसऱ्या रीडरमध्ये लागलं. दाजींनी खिट्टी खाली आहे ना ते दोनदा पाहिलं, नक्कल काढली, कार्ड पाकिटात ठेवलं आणि नकलेतले फोटो उघडले.

एक्केचाळीस. सगळे होते. नेहमीप्रमाणे नजर तळाशी.

सगळ्यांच्या तळाला बोटभर करडी पट्टी होती. तिच्यावर मोजे, मोज्यांवर पोटऱ्या, लाल कोबा, दाराची चौकट. बूट नव्हते. चित्राच्या उजव्या बाजूचा मोजा घसरून घडी झाला होता, डाव्या बाजूचा ताठ. दाजींनी वहीत लिहिलं: "४१. तळ गेलेला. मोजा उजवीकडे, म्हणजे तिचा डावा पाय. बरोबर."

पट्टी मात्र साधी करडी नव्हती. तिच्यात सांधे होते. ती फरशी होती.

दाजींनी चष्मा पुसला, फोटो बंद केले आणि चहा घेऊन आले. नक्कल नीट उघडली नसेल, असं म्हणून त्यांनी तीच पुन्हा उघडली.

पट्टी चार बोटं झाली होती. मोजे गेले होते. करड्या फरशीवर आता खुर्चीची पाच चाकं दिसत होती आणि त्यांच्यामध्ये चपलांच्या टाचा. एका टाचेला आतल्या बाजूने चॉकलेटी दोऱ्याचा टाका होता.

दाजींनी आपला पाय उचलून बघितला. तो टाका त्यांनीच मागच्या महिन्यात घातला होता.

४

घाबरण्यापूर्वी माणूस हिशेबाला लागतो, निदान दाजींसारखा. तीन शक्यता त्यांनी वहीत मांडल्या. एक, मेहुण्याने गंमत केली असेल. दोन, स्टुडिओतल्या कुठल्यातरी कार्डातला तुकडा इथे मिसळला असेल. तीन, आपलं डोकं फिरायला लागलं असेल.

तिसरीखाली त्यांनी रेघ मारली. त्यांच्या वडिलांचं तसंच झालं होतं.

"इकडे ये जरा," त्यांनी हाक मारली. मेहुणा आला. "या खोलीचा फोटो कधी काढलायस? मागून, मी बसलेलो असताना?"

"मागून?" मेहुण्याने खुर्ची आणि भिंत यांच्यात हात घालून पाहिला. हात अडकला. "दाजी, इथे पाल कॅमेरा घेऊन चढली तरच. तुमची चाकं दिसायची तर माणूस निदान सहा फूट मागे पाहिजे. म्हणजे शेजारच्या गोदामात, भिंतीच्या पलीकडे. का हो?"

"काही नाही. सहज."

"ताईला सांगू का, तुमचं जेवण झालं नाही म्हणून?"

"सांगू नकोस."

मेहुणा गेल्यावर दाजींनी एक प्रयोग ठरवला. नक्कल संगणकावर आहे. मूळ कार्ड पाकिटात आहे. फोटो नुसता बघितल्याने बदलत नाही, हे शास्त्र आहे. मग तिसऱ्यांदा उघडून बघायला हरकत काय.

पट्टी फ्रॉकच्या घेरापर्यंत चढली होती. एक्केचाळीस फ्रॉकांचे एक्केचाळीस घेर एकाच रेषेवर कापल्यासारखे. रेषेखाली त्यांची खोली, पाठीमागून, आणि खुर्चीच्या शेजारी दोन लहान पाय. काळे बूट, टाचा कॅमेऱ्याकडे, बोटं टेबलाकडे. पांढरे मोजे. चित्राच्या उजव्या बाजूचा घसरलेला.

दाजींनी वहीतली आधीची ओळ पाहिली आणि तिच्याखाली लिहिलं: "मोजा तोच. डावा."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच, मान न वळवता, खुर्चीशेजारी खाली बघितलं. फरशी रिकामी होती. पण संगणकाच्या पंख्याच्या घरघरीखाली काहीतरी होतं. टक. आणि मग घासल्यासारखं. बारीक पायाचं मूल उभ्या उभ्या कंटाळलं की पाय बदलतं, तसं.

५

दोन दिवस त्यांनी नक्कल उघडली नाही. शिंप्याचा फोन आला की "चाललंय, चाललंय" म्हणत. तिसऱ्या दिवशी फोनवर शिंपी धापा टाकत होता. बायको पुन्हा निसटली होती. शाळेच्या फाटकाशी सापडली, सुटायची वाट बघत उभी.

"काहीही द्या, सर. अर्धे द्या. फाटके द्या."

दाजींना आता गणित कळलं होतं. एकदा उघडायचं, रेषा एक पायरी चढायची. नक्कल असो की मूळ, सारखंच. बघणंच तिला खात होतं. चौथ्यांदा उघडल्यावर किती उरेल? कमरेपासून वर? पाचव्यांदा काहीच नाही. तेव्हा उघडायचं ते एकदाच, आणि बंद न करता तिथल्या तिथे कागदावर छापून घ्यायचं. कागद काही चढत नाही.

दुपारी दोन वाजता, मेहुणा जेवायला गेला असताना, त्यांनी उघडलं.

मुलगी छातीपासून वर उरली होती. खाली खोली. खुर्चीची पाठ, त्यांचा तपकिरी स्वेटर, डावा खांदा. खांद्याशेजारी फ्रॉक. त्याची खालची पट्टी दुमडलेली नव्हती. लांब लांब पांढरे कच्चे टाके लोंबत होते.

बेचाळिसावा.

दाजींनी एक्केचाळीस फोटो छापले. प्रत्येकावर मोजपट्टी ठेवून, नजर रेषेवर रोखून, रेषेच्या केसभर वर कापले. चेहरे हातांखालून गेले. शिस्त मोडली नाही. मोडावी असं वाटलंही नाही. खाली पडलेले तुकडे त्यांनी रद्दीच्या पेटीत उलटे टाकले. छपाई चालू असताना टक आणि घासणं एकदाच ऐकू आलं, आणि या वेळी ते टेबलाच्या अधिक जवळ होतं.

संध्याकाळी शिंपी येऊन पाकीट घेऊन गेला. तो कागदांवरून बोटं फिरवत होता, कापड बघावं तसं. "पुरे झालं, सर. चेहरा आहे ना, पुरे झालं." त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दाजींना इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

६

दुसऱ्याच सकाळी तो परत आला. पाकीट टेबलावर ठेवलं.

"नको म्हणते."

"ओळखलं नाही का तिने?"

"ओळखलं ना. म्हणून तर." शिंपी खुर्ची चाचपत बसला. "शांतपणे बघितले सगळे. मग म्हणाली, तोंड इथे आणि पाय तिकडे. पोर उभी कशी राहील? अर्ध्यात अडकवलंय तिला कुणीतरी. दोन वर्षांत इतकी शहाण्यासारखी बोलली नाही, सर. म्हणाली, त्यांना सांगा, उरलेली तिकडे घ्या, म्हणजे ती पुरती होईल आणि घरी येईल."

दाजींनी पाकीट आपल्याकडे ओढलं.

"मला यातलं कळत नाही," शिंपी म्हणाला. "पण तुम्हाला काहीतरी माहीत आहे. तुम्ही त्या दिवसापासून या बाजूला बघत नाही. मला दिसत नाही नीट, पण माणूस कुठे बघत नाही ते कळतं."

"उघडलं तर फोटो जातील. सगळे. परत येणार नाहीत."

"तिला नकोच आहेत."

"आणि तुम्हाला?"

शिंप्याने गळ्यातला टेप काढून बोटांभोवती गुंडाळला. "मला तसेही दिसत नव्हते. ही दिवसभर घरात राहावी एवढ्यासाठीच मला ते हवे होते. ही आज म्हणाली, आता शोधायला जात नाही, घरीच थांबते, येईल ती. कडी लावून बसलीय." तो उठला. "तुम्ही ठरवा. शिकलेले आहात."

तो गेल्यावर दाजींनी वही उघडली. नाही उघडलं तर ती इथे खांद्याशी उभी, छातीपर्यंतच. उघडलं तर काय, ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. त्यांनी मेहुण्याला हाक मारून दार बाहेरून ओढून घ्यायला सांगितलं. मग "फोटो उघडायचे का" हा प्रश्न तीनदा वाचून "हो"वर बोट ठेवलं.

मुलगी नव्हती. दारातली, फ्रॉकातली, कुठलीच नव्हती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फोटोंत एकच खोली. खुर्ची, स्वेटर, आता त्यांची मानही, मानेवरचे पांढरे केस. खुर्चीशेजारी फरशी रिकामी.

चित्रात डाव्या हाताचं दार उघडं होतं. चौकटीच्या काठाशी, बाहेर पडता पडता कॅमेऱ्यात सापडलेली, एक काळी टाच आणि लोंबता पांढरा टाका.

दाजींनी डावीकडे पाहिलं. खरं दार बंद होतं. कान दिले. पंख्याची घरघर होती, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती. दुसरं काही नव्हतं.

७

फोन वाजला तेव्हा तास होत आला होता.

"सर," शिंप्याचा आवाज हलका होता, घरात कुणी निजलेलं असावं तसा. "दार वाजतंय. खालून, हात कडीपर्यंत पोचत नसल्यासारखं. ही उठून उभी राहिलीय. म्हणते उघडा. मी हिला धरून ठेवलंय."

दाजींनी बंद दाराकडे पाहिलं.

"मला दिसणार नाही, सर. हिला कुणाचंही मूल दाखवलं तर ही कवेत घेईल. तुम्ही बघितलंत ना तिला? आमचीच आहे ना?"

दाजींनी एक्केचाळीस चेहरे हातांखालून जाऊ दिले होते. एकही बघितला नव्हता. त्यांना ठाऊक होते फक्त पाय. त्यांनी वही पुढे ओढली.

"मोजा घसरलाय," ते म्हणाले. "फ्रॉकला कच्चे टाके आहेत."

पलीकडे शिंपी रडल्यासारखा हसला. मागून बाईचा आवाज आला, मोजा वर कर गं, मोजा वर कर.

"डावा ना, सर? डाव्या पायाचा?"

वहीत लिहिलेलं होतं. त्यांच्याच अक्षरात, दोन ओळी, एकीखाली एक. दाजींनी ते तीनदा वाचलं.

"हो," ते म्हणाले.

कडी काढल्याचा आवाज आला. मग फोन कुठेतरी ठेवला गेला असावा, कारण नुसती खोली ऐकू येत होती. टक. आणि घासणं.

दाजींची नजर वहीवरच होती. वरच्या ओळीतली मुलगी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी होती. तेव्हा चित्रात उजवीकडे दिसणारा पाय तिचा डावा. खालच्या ओळीतली पाठमोरी होती. टाचा कॅमेऱ्याकडे, बोटं टेबलाकडे. पाठमोऱ्या माणसाचा उजवीकडे दिसणारा पाय उजवाच असतो.

त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवून पाहिले. मग उलटे ठेवून पाहिले.

"उघडू नका," ते फोनमध्ये म्हणाले. मग जरा मोठ्याने म्हणाले.

पलीकडे बाई कुणाला तरी विचारत होती, आज या पायाचा मोजा कसा गं वर राहिला.